शून्य, दोन, सहा

फहाहील. रात्रीचे साडेनऊ.
बाहेर गाड्यांची बॉनेटं अजून हात लावू देत नाहीत.
आत एसी, आणि शेवटचा पेशंट:
पेवेकर, दाभोळचे. रिफायनरीत प्रेशर गेज तपासतात,
बावीस वर्षं. माझं आडनाव वाचून मराठीत बोलले,
आणि मला दिवसभरात पहिल्यांदा
आपला आवाज ओळखीचा वाटला.

हनुवटी इथे. कपाळ पट्टीला टेकवा.
कॉलरचं बटण सोडा. श्वास रोखू नका.
(रोखतातच सगळे, पासपोर्टचा फोटो असल्यासारखा.)
पिवळा थेंब, मग निळा उजेड,
आणि बुबुळावर काचेचं टोक टेकतं
सायीवर बोट टेकवावं पण साय फाटू नये, इतपत.
मला दिसतात दोन अर्धी कडी, हिरवीगार,
एक वर, एक खाली, नाडीबरोबर थरथरणारी.
मी ड्रम फिरवते. आतल्या कडा
एकमेकींना शिवल्या की थांबायचं.
"एकोणीस."

"किती वेळा घेतलंत?"
"एकदा."
"एकदाचं रीडिंग म्हणजे ऐकीव गोष्ट, ताई."

पुन्हा घेतलं. एकोणीस. पुन्हा. अठरा.
वाटलं, खूश होतील.
कंपनीच्या फॉर्मवर आकडा एकवीसच्या आत असला
की शिक्का, आणि इकामा आणखी दोन वर्षं.
ते मात्र यंत्राकडे बघत होते,
जुना आचारी दुसऱ्याच्या पंगतीतल्या भाताकडे बघतो तसे.
"ह्याचं कॅलिब्रेशन कधी झालं?"

रजिस्टरात दर सोमवारी माझी सही आहे.
फेब्रुवारीनंतर
ती फक्त सही आहे.

खण उघडला. मखमली डबीत वजनाची दांडी,
तिच्यावर खुणा: शून्य, दोन, सहा.
त्यांनी हात पँटला पुसले. "मी बघू?"
शून्यावर भुजा बरोबर डोलली.
दोनवर, ड्रम एक-आठला आला तोच झुकली.
पुन्हा. एक-आठ.
मग मला करायला लावलं, स्वतः खिडकीकडे तोंड करून उभे राहिले,
माझ्या हाताला त्यांच्या नजरेचा धक्का नको म्हणून.
एक-आठ.
"दोनाने कमी बोलतंय," ते म्हणाले.
"त्याच्यावर रागावू नका. गेज मुद्दाम खोटं बोलत नाय.
कोणी विचारायला येत नाय, मग त्याला सवय लागते."

एकोणीस आणि दोन.
मग बुबुळावरच्या पडद्याची जाडी मोजली: चारशे ऐंशी.
पातळ. पातळ पडदा लवकर नमतो,
आतला दाब असतो त्याहून कमी भासतो.
म्हणजे एकवीसही नाही. पुढे नेमका किती,
ते मला सांगता येईना, आणि तसं मी सांगितलं.
"मग प्लस-मायनस लिहा. आम्ही लिहितो."
फॉर्मवर चौकोन एवढासा. त्यात प्लस-मायनस मावत नव्हतं.

बराच वेळ ते तो चौकोन बघत होते.
मुलगी रत्नागिरीत फार्मसीला आहे, दुसऱ्या वर्षाला,
हे त्यांनी मला नाही, चौकोनाला सांगितलं.
मग चष्मा लावला.
"सकाळचा दाब वेगळा असतो ना?
सहाला येतो, ड्युटीआधी. तोवर दुसरं मशीन आणा.
आणि आज काय लिहू नका."

ते गेले. समुद्राच्या बाजूला रिफायनरीची ज्योत
वाऱ्याने आडवी झाली होती.
मी रजिस्टर उघडलं, फेब्रुवारीपासून.
सतरा, अठरा, वीस, वीस, एकोणीस:
माझ्याच अक्षरातले, सुबक, घरी पाठवलेले आकडे.
दोनशे सहा डोळे.
शिक्क्याखाली "नॉर्मल".

डॉक्टर शुक्रींना मेसेज टाकला: यंत्र बंद ठेवलंय, कारण उद्या सांगते.
खोडला. कारण लिहूनच पाठवलं.
मग पहिला नंबर.
लक्ष्मम्मा, साल्मियात घरकामाला, दोन्ही डोळे वीस.
तिच्या नावापुढे मीच लिहून ठेवलं होतं:
फोन फक्त शुक्रवारी.

आज मंगळवार.
मी शुक्रवारच्या पानावर तिचं नाव लिहिलं,
आणि दुसरा नंबर लावला.
वाजत होता.