तपकिरी, काळा, केशरी

चोपडा डेपोत मी दिवसभर
वाहकांच्या तिकिटांचा हिशेब जुळवते.
रात्री जेवणं उरकली की ताटं बाजूला,
आणि त्याच ओट्यावर कथलाचा धूर.

नळ चौथ्या दिवशी येतो, कधी पाचव्या,
कधी पहाटे तीनला, चोरपावलांनी.
म्हणून एक पेटी करायची होती,
तोटीतून थेंब पडला की वाजेल अशी.
दोन तारा, एक ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, भोंगा.
वहीत चित्र काढलं तेव्हा वाटलं,
सामान काय, कुठंही मिळेल.

पहिलं पाकीट कुरिअरनं आलं,
शंभराच्या भावात दोनशे.
ट्रान्झिस्टरवरचं नाव
नेलपॉलिश काढायच्या पाण्यानं पुसलं,
तर खाली दुसरंच नाव.
तेही पुसलं.
खाली काहीच नव्हतं.

मग जळगाव.
दुकानदार मोबाइलच्या काचा बदलत होता,
मान वर न करता म्हणाला, चालेल.
हे नाही, त्याच्या जागी ते. चालेल.
बारा व्होल्टला? चालेल ना.
ज्याच्याकडे सगळंच चालतं
त्याचं घरी आणून काहीच चालत नाही,
हे कळायला तीनशे वीस रुपये गेले
आणि एसटीचं अर्धं तिकीट, दोन वेळा.

धुळ्यात एकानं कपॅसिटर तोलून दिले,
भुईमुगाच्या शेंगांसारखे, वर मूठभर.
दोन फुगले. एक फुटला.
सासूबाई आतून, "काय फुटनं वं?"
मी म्हटलं, दिवाळी.

लीलाधर भंगाळ्यांचं नाव
एका कंडक्टरनं सांगितलं.
त्याचा मेलेला रेडिओ तिथं उठून बसला होता.
भुसावळ, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त,
पडवीत चिकटवलेल्या काडेपेट्यांचे दीडशे खण,
प्रत्येक खणाला ओढायला शर्टाचं बटण.
बाहेर पंचेचाळीस. कूलर त्यांच्या पाठीशी.

मी यादी पुढं केली. त्यांनी चष्मा पुसला.
"हे आहे. हे आहे.
हे पण आहे, पण माय, घेऊ नको.
मागच्या खेपेचा माल आहे, माझाच भरवसा नाही.
आणि हे नाही.
नाही म्हणजे नाही. पंधरा दिवसांनी ये."
इतकं स्वच्छ 'नाही' ऐकून
कुणी माठातलं पाणी पुढं केल्यासारखं झालं.
एकेक नग मीटरवर धरला, आकडा बोलले,
पाकिटावर शिसपेन्सिलीनं लिहिला.
बिल, त्रेचाळीस रुपये.

पेटी वाजली. बुधवारी, पावणेतीनला.
अख्खी गल्ली हंडे घेऊन उठली,
आणि मला शिव्याही खूप पडल्या.
पुढच्या महिन्यात सहा घरांनी मागितल्या.

दोन वर्षं असंच. यादी फोनवर,
पाकीट यावलवरून येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरपाशी,
पैसे त्याच्याच हाती परत.

मग एका रविवारी त्यांचा फोन.
"परवाचं पाकीट लावू नको, माय.
दहा केच्या खणातून एक केचे गेले असतील.
तपकिरी, काळा, आणि मग लाल का केशरी,
मला आता दोन्ही एकच दिसतात.
मीटरचा आकडाही..."
पुढं बराच वेळ नुसता कूलर ऐकू येत होता.

पाकिटात वीस होते. सतरा बरोबर.
तीन लाल.
त्यांना काय सांगितलं ते इथं लिहीत नाही.

आता महिन्यातून दोन रविवार सकाळची भुसावळ गाडी.
मी पट्टे वाचते, ते खण सांगतात.
"तिसरी ओळ, निळं बटण. नाही, त्याच्या शेजारचं, तुटकं."
तिथं हात अजून चुकत नाही त्यांचा.

परवा एक पोरगा आला, घामानं निथळत,
काका, पाच व्होल्टचा रिले आहे का?
काकांनी मान माझ्याकडं वळवली.
खणात एक होता,
पायांना गंज चढलेला.
"नाही," मी म्हटलं.
पोरगा गेला.
भंगाळे काही बोलले नाहीत.
उठले, चाचपडत गेले,
आणि कूलरचं तोंड माझ्याकडं फिरवलं.