अर्धं सूत

देढिया शेठ फोनवर एवढंच म्हणाले:
करवत वाकडी चालते, पातं नवं आहे.

रे रोडला वखारींच्या मागे, गाळा नंबर एकोणीस.
शटर अर्धंच वर. वाकून आत गेले.
मेन स्विच पाडला, फ्यूज काढून खिशात टाकला.
ही सवय बाबांची.
ती शिकवताना त्यांच्या उजव्या हाताला
साडेतीन बोटं उरली होती.

एका दाताला खडूने खूण केली.
पुढे मोजलं. पातं हाताने फिरवून
तोच दात मागे नेला, परत मोजलं.
गाईड मागच्या बाजूला अर्धं सूत आत.
म्हणून फळी अडकते,
म्हणून सागाच्या कडेला ती काळी भाजलेली रेघ
आणि कुर्ल्यात कुणाच्या तरी कपाटाचं दार
लागता लागत नाही.

बेअरिंग ठीक. पट्टा ठीक. शाफ्टला खेळ नाही.
टेबलाखाली आडवी झाले, बॅटरी दातांत धरून,
वर्षांचा भुस्सा केसांत.
गाईडच्या बोल्टाशी सापडला
तपकिरीच्या डबीचा पत्रा,
कात्रीने कापून दोनदा दुमडलेला, कानशीने कडा मारलेल्या.

हे काही झिजणं नव्हतं.
हे कुणीतरी बसवलं होतं.

रामसुमेर म्हणाला, हरचेकर मेस्त्री.
ट्रकवरून ओंडका सुटून खांद्यावर आला,
तेव्हापासून त्यांचा हात शेवटच्या वीतभर फाकायचा.
हात काही सरळ होईना,
तर त्यांनी मशीनच वाकवली
आणि पंधरा वर्षं सरळ कापलं.
शिमग्याला गावी गेले, ते गेलेच.

पत्रा काढला. बोल्ट आवळले.
पुढे मोजलं, मागे मोजलं: सारखं.
फ्यूज बसवला.

पहिली फळी वाकडीच आली.

शेठ माझ्याकडे बघतात, मी फळीकडे,
मग रामसुमेरच्या मनगटाकडे.
ते आठ महिन्यांत
त्या पत्र्याशी भांडायला शिकलं होतं,
आणि आता समोर भांडायला कुणी नव्हतं.

हळू ढकल, म्हटलं. जोर नको. तिला जाऊ दे.
दुसरी फळी. तिसरी.
पाचवीला गुण्या लावला, उजेड दिसला नाही.

शेठनी शंभर कमी दिले.
पत्रा मी टाकला नाही, ड्रिलच्या डबीत ठेवला,
त्याआधी उगाच नाकाशी नेला.
मशीनच्या तेलाचाच वास येणार, म्हणून खोल श्वास घेतला
आणि वखारीच्या दारात
सटासट तीन शिंका आल्या.