चार वाव

जोन्सपोर्टहून बेटावर गेलो होतो, चर्चचा पियानो जुळवायला.
अठ्ठ्याऐंशी पट्ट्या, त्यातल्या सात दमट हवेनं मुक्या.
परतताना अर्धी वाट झाली असेल नसेल,
समोरचा किनारा गेला.
मग त्यामागचं आकाश.
मग आमच्याच बोटीची नाळ.

अर्डेल थर्लोनं, वय एकाहत्तर, घाई म्हणून केली नाही.
इंजिन मंद केलं आणि वहीत लिहिलं:
दोन चाळीस. वायव्य. चार नॉट.
"दिसत होतं तेव्हाचं शेवटचं खरं लिहून ठेवायचं.
पुढं सगळा अंदाजच."
मग माझ्या लाइफ जॅकेटचे पट्टे ओढून पाहिले,
शाळेत निघालेल्या मुलाची नाडी तपासावी तसे,
आणि मला पुढं बसवलं. "तुझे कान चांगले आहेत म्हणे."

कान!
मिरजेत तंबोऱ्यांच्या गल्लीत वाढलेले कान,
जवारीचा दोरा केसभर सरकला
तर झोपेतून उठणारे.

दर दोन मिनिटांनी एक लांब भोंगा.
मग इंजिन बंद. मग नुसतं ऐकणं.
पाणी फळीला चाटतं. रेनकोटवरून थेंब ओघळतो.
खेकड्यांच्या पिंजऱ्याचा एक लाल बोया
जवळून गेला, ओळख न दाखवता.

एकदा उत्तर आलं: एक लांब, दोन आखूड.
"डावीकडे!" मी ओरडलो,
पंचम उतरलाय हे ज्या खात्रीनं सांगतो
त्याच खात्रीनं.
रडारवरचा ठिपका उजवीकडे होता.
अर्डेल हसली नाही.
"आवाज आहे, एवढं खरं मान.
कुठे आहे, ते धुकं सांगतं, आणि धुकं थापाडं."
चाळीस वर्षांत कान पहिल्यांदा खोटं बोलला,
तेही सुरात.

चारच्या फेरीची वेळ होत आली
तशी तिनं मोठी वाट सोडली,
खोलीच्या आकड्यांचा हात धरून आत वळली:
नऊ. सात. सहा. साडेचार.
"चार फॅदम," आणि नांगर सोडला.

वाव, मी म्हणालो. आमच्याकडे वाव म्हणतात.
दोन्ही हात पसरले: या बोटांपासून त्या बोटांपर्यंत.
(माझी बोटं मलाच धूसर दिसत होती.)
आणि त्याच शब्दाला मोकळी जागा असंही म्हणतात.
"मग बरोबर," ती म्हणाली,
"इथे फेरीला वाव नाही. आपल्याला आहे."

नांगरलेल्या बोटीनं घंटा वाजवायची असते,
मिनिटाला पाच सेकंद, भराभर.
पितळेची होती, काळी चारला जवळ जवळ,
त्या 'जवळ जवळ'नंच जीव खाल्ला.
अर्डेलनं थर्मासमधला चहा ओतला. मी वाजवत राहिलो.
पन्नासदा. साठदा. मोजणं सुटलं.

आणि वल्ह्यांचा आवाज.
लाकडी होडी, रडारला न दिसणारी,
तिच्यात तेरा-चौदा वर्षांचा पोरगा, ओठ निळे,
होकायंत्र नाही, भोंगा नाही, एक रिकामी बादली.
नाव वायली.
"घंटा सारखी जागा बदलत होती," तो म्हणाला,
"पण थांबत नव्हती, म्हणून येत गेलो."
अर्डेलनं त्याला स्वतःचं ब्लँकेट दिलं
आणि अशा शिव्या, ज्या मी इथे लिहीत नाही.

सहाला धुकं उठलं,
कुणी चादर झटकावी तसं नाही,
जरा खालून, जरा मधून, आळसावून.
किनारा बारा वावांवर होता.
पायरीवर एक म्हातारा, मांडीवर मटाराचं भांडं.
"संपलं का तुमचं वाजवून?"

वायलीनं माझ्याकडे पाहिलं,
अर्डेलकडे पाहिलं,
आणि आणखी एकदा वाजवली.