सहा ते आठ

चुंबळ जुन्या टॉवेलची. तिच्यावर थाळा,
थाळ्यात चौघांचं जेवण:
भात, मुळ्याचं लोणचं, सोयाबीनचं सूप, भाजलेला बांगडा,
वर झाकायला कालचा पेपर.
एकतीस वर्षं मुल्ले-दोंगच्या या गल्लीत
मी दोन्ही हात मोकळे सोडून चालते.
कुठला हातोडा कोणाचा, डोळे मिटून सांगेन.
ग्वाकचा जड. एक घाव, मग थांबतो,
जणू लोखंडाला विचारतोय, बरं आहे ना?
प्यो भावांचा घाईघाईचा.
कोपऱ्यावरच्या चुनचा आता नाहीच,
हात थरथरतात त्याचे, नुसता कटर चालवतो.

वसंतात बर्लिनची गॅलरी आली.
काचेवर पाच शहरांची नावं,
शेवटचं आमचं. शहराचं हं, गल्लीचं नाही.
भिंती इतक्या पांढऱ्या
की पहिल्या दिवशी मी दारातच थबकले,
वाटलं दवाखाना.
माणसं चांगली, खोटं कशाला बोलू?
तिथली सो-ग्योंग कमरेत वाकून नमस्कार करते,
बांगड्याच्या वासाचं कौतुक करते
(मागवत मात्र नाही).
जिना, कड्या, बाकं, सगळं ग्वाककडून करून घेतलं,
पैसे वेळेवर.
ग्वाकने त्यात दात बसवले.

थंडीत एक लांब केसांचा पोरगा
महिनाभर माइक घेऊन हिंडला होता.
माझ्या चपलांचासुद्धा आवाज घेतला.
काय करणार रे याचं?
जपून ठेवणार, म्हणाला.

आणि परवा दुकानागणिक नासपतीची एक पेटी आली,
सोबत मऊ कागदावर पत्र:
गुरुवारी उद्घाटन, पाहुणे दूरदेशीचे,
कृपया सहा ते आठ
हातोडे बंद ठेवावेत.

ठेवले. नासपती खाऊन झाल्यावर काय बोलणार!
रिकामे थाळे गोळा करायला निघाले
तर गल्लीभर नुसती माझी फटक-फटक.
आणि पांढऱ्या भिंतीपलीकडून:
ठण.
थांबला.
ठण.

ग्वाक स्वतःच्या दारात उभा, हात खिशात.
"मीच की हा," म्हणाला.
मग मान कलती करून बराच वेळ ऐकत राहिला.
"नोव्हेंबरातला. खांदा धरला होता तेव्हा.
बघ, घाव डावीकडे पडतोय."
आत लोकांनी टाळ्या वाजवल्या.

प्रदर्शन पुढे हाँगकाँगला जाणार म्हणे.
माझ्या चपला विमानात बसणार,
मी अजून जेजू बेट पाहिलेलं नाही.

घरमालक येऊन गेला. भाडं काय सांगितलं
ते ग्वाक बोलला नाही,
भात मात्र अर्धा ठेवला ताटात.
चाळीस जेवणं न्यायची मी, आता चौदा.

चुनचं दुकान सोमवारी रिकामं झालं.
शटर ओढताना जो करकरला
तो आवाज घ्यायला कोणी नव्हतं.
माझ्या दोन वाट्या राहिल्यात त्याच्याकडे,
आणि एक झाकण.