नऊ हात

जिंतूर रोडला, बी-बियाण्याच्या दुकानावर माझी खोली.
भिंतींना गोधड्या, छताला अंड्यांचे ट्रे,
टेबलावर दोन काळे स्पीकर,
चौदा हप्ते बाकी.
आणले त्या दिवशी त्यांच्यासमोर माइक धरला.
त्यांनी खालून वर एक लांब शीळ घातली
आणि खोलीचे सगळे दोष पाठ करून टाकले:
डावा कोपरा घुमतो,
खिडकीची काच कुठल्या सुराला थरथरते,
गोधड्या काय काय गिळतात.
तेव्हापासून ते एकदम तोंड उघडत नाहीत.
आलेला आवाज आधी पोटात घेतात,
तपासतात, सारखा करतात,
मग सोडतात.
खरं सांगतो, इतकं स्वच्छ परभणीत कुणी बोलत नाही.

लिंबाजी उघडे आले, ऑक्टोपॅड खांद्याला.
हलगीनं मनगट नेलं त्यांचं.
आता रबरावर दोन काड्या, आणि आत
त्यांच्याच हलगीचे ठोके,
मीच भरून दिलेले, सहा वर्षांमागं,
गोवऱ्यांच्या जाळावर कातडं शेकून शेकून.

वाजवलं. थांबले.
पुन्हा वाजवलं.
चौथ्या आवर्तनाला लय सांडायला लागली;
माणूस आपल्याच आवाजाची वाट बघत होता.

"सत्तार, हे माझ्या मागून यायलंय."
केबल बघितली. दुसरी लावली.
कॉम्प्युटर मधून काढूनच टाकला.
"हात पडतो इथं, आवाज पडतो तिथं. कामून?"

मग पुस्तिकेचं शेवटचं पान काढलं, जे कुणी वाचत नाही.
बारा मिलीसेकंद.
काका, सेकंदाचे हजार तुकडे करा, त्यातले बारा.
पापणीसुद्धा लवत नाही तेवढ्यात.
"तसं नको. हातात सांग."
तेवढ्या वेळात आवाज हवेतून किती चालेल,
हप्त्याच्या पावतीमागं गणित मांडलं:
चार मीटर, वर थोडं.
नऊ हात.

"नऊ हात," ते म्हणाले
आणि काड्या मांडीवर ठेवल्या.
खाली कुणीतरी सरकीची पोती मोजून घेत होतं,
अकरा, बारा, बारा, तेरा.
"देवळाच्या ओट्यापासून आमची जागा तेवढीच व्हती.
दगड रोवलेला.
बाप तिथून वाजवायचा, मीबी.
आतली घंटा आमाला उशिरा यायची,
आमची हलगी त्यायला.
बाप म्हणायचा, घंटेवर जाऊ नको,
घंटा वाजवणाऱ्याच्या खांद्यावर नजर ठेव."

मला वाटलं, आता म्हणतील, घेतो जमवून.
जमलंही असतं.
बारा मिलीसेकंद आधी मारायचं,
त्या हातांना काय अवघड.
मी तसं बोललोही, माझ्या चौदा हप्त्यांच्या वतीनं:
आवाज किती साफ आहे बघा, काका.

"साफ हाय. पण लांब हाय."

स्पीकरच्या पाठीशी एक बारीक भोक असतं,
आत बटण, टाचणीनंच दबतं.
टाचणी सापडेना.
शेवटी कॅलेंडरची काढली; एप्रिल खाली पडला.
दाबलं. निळा दिवा पिवळा झाला.
डावा कोपरा लगेच घुमायला लागला,
काच थरथरली,
खर्ज वरच्या सुरांच्या किंचित मागं
लंगडत आला, जसा पूर्वी यायचा.

आणि हलगी पडली
काडीच्या खालीच.
लिंबाजीकाकांनी माझ्याकडं बघितलं नाही.
डोळे मिटलेले होते.
कुणाच्या खांद्याकडं बघायचं नव्हतं.

ते गेल्यावर दिवा पुन्हा निळा केला मी.
मिक्स करताना लागतो; खोटं कशाला बोलू.
टाचणी मात्र आता स्पीकरवरच ठेवतो,
कॅलेंडर नुसतं टेकवून उभं असतं.