गवसणी

शालनचा उजवा खांदा दिवाळीपासून धरलाय.
म्हणून मशीनवर मी,
आणि ती शेजारी, मांडीवर उशी, उशीवर हात,
तोंडाने शिवतेय.

"आधी बेता, मग कापा."
मी तेहेतीस वर्षं लोखंड बेतलं गं, सांगतो तिला,
केसाच्या जाडीइतकाही फरक चालत नसे.
"लोखंड धुतल्यावर आटत नव्हतं," ती म्हणते.
मग कापड रात्रभर बादलीत
आणि सकाळी गॅलरीच्या दोरीवर, दोनपदरी.
खाली ऐरोलीचा भाजीबाजार, पलीकडे खाडीतले विजेचे मनोरे,
मध्ये आमचं नऊ मीटर निळं.

निळा मीच निवडला, जांभळी नाक्यावर.
तिने घडी उलगडली, डाव्या हाताचं बोट फिरवलं, हसली.
"सगळं दुकान सोडून
बॉयलरसूटचंच कापड उचललंत की हो."
देवाशपथ, मला दिसलं नव्हतं.

खुर्च्या सहा. सहाही सारख्या,
म्हणून माप एकीचंच घेतलं.
पहिलीला बसलं, अंगरख्यासारखं.
दुसरीला खांद्यात अडकलं.
"एका साच्यातल्या आहेत," मी.
"बसणारे कुठे होते एका साच्यातले," शालन.

उसवलं.
उसवायला शिवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो
हे मला या वयात कळलं.
धागा ओढावा तर कापड चुण्या धरतं,
कापड ओढावं तर ते रागाने तिरकं होतं.
लोक आकाशाला गवसणी घालतात म्हणे.
दाब किती सोडतात, नेफा कुठे घेतात,
कोपऱ्यात काय करतात,
ते कुणी सांगत नाही.

दुसरी खुर्ची उलटी केली, नीट मापायला.
बैठकीखाली पांढऱ्या रंगात, स्टेन्सिलने:
ऑ. कॅ. १७

ऑफिसर्स कॅन्टीन.
विसरलो होतो असं नाही,
उलटी केली नव्हती, इतकंच.
कंपनीला टाळं लागलं, रबाळ्याला लिलाव झाला,
लेथ भंगारवाल्याने वजनावर नेले, माझाही.
मी खुर्च्यांवर बोली लावली.
टेम्पोसकट अठराशे. शालन आठवडाभर बोलली नव्हती.

पण हे तिला कधी सांगितलं नव्हतं, आता सांगितलं.
नोकरीत एकदाच गेलो त्या कॅन्टीनमध्ये,
एक्झॉस्टचा पंखा अडकला होता.
चढायला खुर्ची दिली.
आणि मी पाय ठेवणार, इतक्यात
कालेकर म्हणून एक साहेब, चांगला माणूस,
"एक मिनिट हं" म्हणाले
आणि बैठकीवर पेपर अंथरला.
चार घड्या करून, कडा जुळवून, अगदी हातोटीने.
पंखा दुरुस्त झाला. पेपर मीच उचलला.
यातलीच एखादी असेल ती.
सतरा की आणखी कुठली, कळायला मार्ग नाही.

शालन बराच वेळ उशीवरच्या हाताकडे बघत राहिली.
मग म्हणाली, "बॉबिन संपलीय तुमची.
केव्हापासून नुसतीच भोकं पाडताय."

शनिवारपर्यंत सहाही झाल्या.
चौथीची शिवण बाहेरून आली, तशीच ठेवली.
सहावीची नाडी बांधायला दोघं लागलो:
एक टोक माझ्याकडे,
एक तिच्या डाव्या हातात, दातांची थोडी मदत.
गाठ तिरकी बसली. सुटणार नाही पण.

रविवारी ट्यूबलाइट गेली.
खुर्ची ओढली, चढणार,
"थांबा," ती म्हणाली आणि उठलीसुद्धा,
टीपॉयवरच्या पेपरकडे दोन पावलं गेली.
आणि तिथेच उभी राहिली, पाठमोरी.

"चढा तसेच," म्हणाली. "धुता येतात."

मी पाय मात्र
पायपुसण्याला पुसून घेतले. दोन्ही.