निळाई बेट, पहिला हंगाम

कंपनीनं नाव दिलं निळाई बेट.
येलदरीच्या पाण्यातली ती टेकडी,
आम्ही टेकडीच म्हणतो.

पहिल्या रविवारी दोनशे माणसं उतरली.
संडास चार. एकाला कुलूप,
चावी नाईकनवरे साहेबांच्या खिशात
आणि साहेब परभणीला.
छत्र्या उडाल्या, एक अजून धरणात आहे.
ट्रकनं आणलेल्या नारळांना इथली माती मानवली नाही,
सहांनी मान टाकली, बाकीच्यांना टेकू.

माझं काम मनगटाला पट्टा बांधायचं.
पिवळा म्हणजे जेवणासकट,
निळा म्हणजे नुसतं बघायला.
निळ्या पट्ट्याची एक बाई म्हणाली, बघायचं काय?
मी म्हणालो, पाणी.
आमच्या जिंतुरात आठव्या दिवशी नळ येतो, म्हणाली,
दाखव तर मग.
आणि बसली तासभर, पाय सोडून.

मुनीरभाईची लाँच रोज थोडी लांब थांबायला लागली.
धक्का कोरडा. फळ्या टाकल्या,
फळ्यांपुढं आणखी फळ्या.
संध्याकाळी गाळातल्या चपला मोजायच्या:
एकोणीस. जोड एकीचाही नाही.

एप्रिलच्या अकराला
सटवाजीच्या म्हशी मागच्या अंगानं चालत आल्या,
गुडघाभर चिखलातून,
आणि कंपनीच्या छत्रीखाली रवंथ करत बसल्या.

साहेबांचा फोन: हाकल त्यांना.
कुठं हाकलू? बेटाला आता
एका बाजूनं गाव लागलं होतं.

जवळ गेलो. शिंगाला पट्टा नीट बसतो,
हे त्या दिवशी कळलं.
पिवळाच बांधला.